घोडा का अडला? दर तीन आठवड्यांनी लंगडणाऱ्या घोड्याचा छडा

सोमवारी सकाळी सात-सव्वासातला मोबाईल वाजला की उचलायच्या आधीच मला कळायचं. पलीकडून मामा, आमचा तबेला बघतात ते, आणि वाक्य ठरलेलं, "दादा, घोडं पाय टाकंना." मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमधूनच मी डॉक्टरांना फोन लावायचा, डॉक्टर दुपारी पिरंगुटला जायचे, एक इंजेक्शन, दहा दिवस आराम, घोडं ठणठणीत, आम्ही खूष, परत रविवार, परत खोगीर, आणि दोन-तीन रविवार गेले की परत सोमवारचा फोन. वर्षभर हे चाललं. डॉक्टरांची फी, पेट्रोल, रजा सगळं सोडा, पण प्रत्येक वेळी वेगळं कारण निघायचं हे जास्त डोक्यात जायचं. एकदा पुढचा उजवा पाय, एकदा पाठ, एकदा मागचे दोन्ही.

आधी आमचा सेटअप सांगतो, कारण पुण्यात हौशीने घोडा ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचा असाच असतो. आम्ही तिघं मित्र, तिघंही नोकरीवाले, पिरंगुटच्या पुढे एकाच्या काकांच्या जागेत शेड, त्यात तीन घोडे. पहिली बिजली, मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, विकणाऱ्याने "पाच वर्षांची, एकदम तयार" असं सांगून दिलेली. दुसरा सरदार, रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड, वय नऊ. आणि तिसरी आजी. तिचं कागदावर दुसरं नाव आहे पण सगळे आजीच म्हणतात, वय एकवीस, पोरांना बसवायला. सोमवार ते शनिवार तिघंही ठाणावर उभे, मामा खरारा करणार, चारा-पाणी करणार, आणि रविवारी सकाळी सहाला आम्ही हजर, दोन-अडीच तास डोंगराच्या कडेने रपेट. कधी कोणाचा पाहुणा आला तर त्याच घोड्यावर दुसरी फेरी.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं कोडं आहे ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, आणि उत्तर एकच, न फिरवल्याने. आमच्या केसमध्ये उत्तर अर्धं बरोबर होतं. सहा दिवस न फिरवल्याने आणि सातव्या दिवशी नको तेवढा फिरवल्याने. आणि किती म्हणजे नको तेवढा, हे प्रत्येकाच्या वयावर. हे कळायला मला एक साधी वही लागली.

वहीवर यायच्या आधी, तुमचा घोडा वारंवार लंगडत असेल तर साध्या गोष्टी आधी उरका. खूर उचलून तळ साफ करा, खडा किंवा खिळा अडकलाय का बघा. नाल मारून सहा आठवड्यांच्या वर झालेत का बघा, कारण खूर वाढला की टाच दबते आणि पायाचा कोनच बदलतो. पावसाळ्यात एकदम एकाच पायावर अजिबात वजन टाकत नसेल आणि खूर हाताला गरम लागत असेल तर बहुतेक खुरात पू झालेला असतो, त्याचा वयाशी किंवा रपेटीशी संबंध नाही, नालबंद आणि डॉक्टर दोघांना बोलवा. खोगिराखालचं घामाचं वळण बघा, दोन्ही बाजूंना सारखं ओलं हवं, मधेच एखादा कोरडा गोल राहिला असेल तर बऱ्याचदा तिथे खोगीर दाबतंय. हे सगळं आम्ही केलं होतं. खोगीर पण बदललं. तरी सोमवारचा फोन काही थांबेना.

मग वैतागून मी एक शंभर पानी वही आणली आणि मामांना सांगितलं, रोज लिहायचं, कोण किती वेळ चाललं, कोण बसलं, कोणता पाय गरम. मामा लिहायला कुरकुर करायचे म्हणून शेवटी भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि खुणा करायच्या ठरल्या, चाललं तर एक रेघ, दुडकी (हळू पळणं) झाली तर दोन, पळवलं तर तीन, लंगडलं तर फुली. अडीच महिन्यांनी ते कॅलेंडर खाली काढून बघितलं आणि खरं सांगतो, लाज वाटली. सगळ्या रेघा रविवारच्या चौकोनात आणि सगळ्या फुल्या सोमवार-मंगळवारी. मधले चौकोन कोरे. एवढं समोर दिसत असताना आम्ही वर्षभर डॉक्टरांना विचारत होतो की कॅल्शियम कमी पडतंय का.

तर पहिली गोष्ट, तुमच्याकडे कॅलेंडर नसेल तर डॉक्टर बदलायच्या आधी ते सुरू करा.

आता बिजलीचं. डॉक्टरांनी एकदा सहज तिचं तोंड उघडलं आणि मला म्हणाले, ही पाच वर्षांची कोणी सांगितली? घोड्याचे पुढचे दुधाचे दात ठरावीक क्रमाने पडतात, मधली जोडी साधारण अडीच वर्षांना, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कोपऱ्यातली साडेचारला, म्हणजे पाच पूर्ण झालेल्या घोड्याच्या तोंडात पुढे दुधाचा एकही दात नको. बिजलीची दुसरी जोडी नुकतीच वर येत होती आणि कोपऱ्यातले दात सरळ सरळ दुधाचे. म्हणजे ऑगस्टमध्ये ती साडेतीनची, आणि डिसेंबरात आम्ही आणली तेव्हा तिसरं वर्ष पण पूर्ण नव्हतं. पावणेतीन वर्षांच्या पोरीवर आम्ही तिघं धटिंगण आळीपाळीने अडीच तास बसत होतो. यात्रेत घोडा घेताना रंग, अंगावरचे केसांचे भोवरे, कान सगळं बघितलं, दात बघितले नाहीत. भोवऱ्यांचा अभ्यास मात्र रात्रभर केला होता!

वय का महत्त्वाचं ते थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. शिंगराच्या हाडांच्या टोकाला वाढीच्या चकत्या असतात, त्या बंद होईपर्यंत हाड पक्कं नसतं. त्या बंद होतात खालून वर. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षभरात बंद होतात, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरची चकती साधारण दोन ते अडीच वर्षांना, आणि सगळ्यात शेवटी पाठीचा कणा, त्याला पाच-साडेपाच वर्षं लागतात, मोठ्या चणीच्या घोड्याला थोडं जास्तच. म्हणजे आपण जिथे बसतो ती जागा सगळ्यात उशिरा तयार होते, आणि पाय मजबूत दिसले म्हणून आपण फसतो.

पण याचा उलटा अर्थ पण काढू नका, की मग पाच वर्षं शेडमध्ये बांधून ठेवू. हे पण मी बघितलंय, वाघोलीकडच्या एका ओळखीच्या माणसाने शिंगरू अगदी जपून जपून दोन वर्षं बंद ठेवलं, आणि बाहेर काढल्यावर ते महिन्याभरात पायाने अधू झालं. हाड हे भारावरच घट्ट होतं. शिंगराने मोकळ्या मैदानात स्वतःहून पळायचं, उड्या मारायच्या, एकदम थांबायचं, वळायचं, हेच त्याचं ट्रेनिंग. बंद राहिलं की हाड कच्चं राहतं आणि मग माणूस चढला की मोडतोड.

तर माझा आत्ताचा हिशोब असा आहे, डॉक्टर आणि दोन जुने रायडर यांच्याशी बोलून बनवलेला. दोन वर्षांपर्यंत बसायचं नाही, विषय संपला. हातात धरून चालवा, खूर उचलायची सवय लावा, टेम्पोत चढायची सवय लावा, फटाके आणि डीजे ऐकू द्या (पुण्यात राहायचं तर गणपतीतला डीजे सहन झालाच पाहिजे). दोन ते तीन मध्ये दोरीवर गोल फिरवायला हरकत नाही पण आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, आणि गोल मोठा ठेवा, छोट्या गोलात सतत फिरवलं की आतल्या पायाच्या सांध्यांवर एका बाजूने ताण येतो. आपल्याकडे उत्साहात लोक अर्धा-अर्धा तास गरागरा फिरवतात, घोडा दमला की शांत होतो म्हणून. तो शांत होतो खरा, पण सांध्यांची वाट लागते.

तीन पूर्ण झाल्यावर हलक्या माणसाने बसायला सुरुवात, पंधरा ते वीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीन दिवस, बहुतेक कदम (साधी चाल) आणि मधे मधे सरळ रेषेत थोडी दुडकी. सहा-आठ आठवडे झाले की दोन-तीन महिने सुट्टी, मैदानात सोडून द्या. मला वाटलं होतं सुट्टीत सगळं विसरेल, काही विसरत नाही, उलट शहाणी होऊन आली. चार ते पाच मध्ये तीन-चार दिवस, अर्धा-पाऊण तास, चढ-उतार सुरू, पण जोरात पळवणं आणि उड्या अजून नाही. सहाच्या पुढे खरा कामाचा घोडा.

मधेच वजनाचं सांगून घेतो कारण बिजलीची पाठ त्यानेच गेली होती. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, कोवळ्या आणि म्हाताऱ्या घोड्याला पंधराच धरा. घोड्याचं वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप लागते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जिथे बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी म्हणजे खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, आणि भागिले 11,880. उत्तर किलोत येतं. बिजलीचा घेर तेव्हा 160, लांबी 140, म्हणजे जवळजवळ 302 किलो. कोवळी म्हणून पंधरा टक्के धरले तर 45, अगदी वीस धरले तरी 60. मी 84, खोगीर 9, एकूण 93. एकतीस टक्के! तिने मला पाडलं नाही हे तिचे उपकार. सरदारचं घेर 185 आणि लांबी 160 धरून 461 किलो येतं, त्याला मी जेमतेम चालतो. तेव्हापासून बिजलीवर फक्त गावातला एक कॉलेजचा पोरगा बसतो, अंगाने हलका, हात हलका, आणि खरं तर आमच्या तिघांपेक्षा चांगला बसतो पण हे आम्ही त्याला सांगत नाही.

आता सरदार. त्याचं प्रकरण वेगळं, कारण वय नऊ म्हणजे ऐन भरात, त्याला वयाचा त्रास नाहीच. रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळायला लागतात, आणि त्यांचं वय पण एक जानेवारीला सगळ्यांचं एकदम वाढतं, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेलं पिल्लू कागदावर आठ महिन्यांतच एक वर्षाचं होतं. इतक्या लवकर पळवावं का यावर वाद घालणारे घालतात, मला त्यात पडायचं नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे घोडा रोज पहाटे निघतो. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा सीझन असतो तेव्हा पहाटे कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोड्यांची कामं बघा, रोज थोडं, त्यातही बराच वेळ कदम, आणि जोराचं काम मोजून. आमचा सरदार तिथून सुटला आणि सहा दिवस बंद, एक दिवस बेफाम या रूटीनला लागला. वर त्याचा खुराक रेसवाल्यासारखाच चालू, ओट्स, चणे, कोंडा, सगळं भरपूर, कारण "रेसचा घोडा आहे, उपाशी ठेवता का?"

एका सोमवारी मामांचा फोन आला तो वेगळाच होता. घोडा मागच्या अंगाने लाकडासारखा झालाय, घाम फुटलाय, हलत नाही, आणि लघवी कॉफीसारखी. याला साहेबाच्या जमान्यापासून मंडे मॉर्निंगचा आजार म्हणतात. गाडीला जुंपलेले घोडे रविवारी पूर्ण खुराकावर आराम करायचे आणि सोमवारी जुंपले की अडायचे. आमच्याकडे दिवस उलटे, आठवडा आराम आणि रविवारी काम, पण कारण तेच. स्नायूंची मोडतोड होते, त्यातला रंग लघवीत उतरतो आणि किडनीला मार बसतो. असं दिसलं तर घोड्याला चालवू नका. आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो, "फिरवा म्हणजे मोकळा होईल", आणि तो इथे साफ चुकीचा आहे. जागेवर उभा ठेवा, पाणी समोर ठेवा, दाणा पूर्ण बंद, डॉक्टरांना ताबडतोब बोलवा, आणि घरात पडलेलं पेनकिलर स्वतःच्या मनाने देऊ नका कारण पाणी कमी झालेल्या अंगात तेच औषध किडनीवर उलटतं. सरदार वाचला, सलाईनच्या किती बाटल्या गेल्या ते मोजलं नाही.

त्यानंतर नियम केला की दाणा कामाप्रमाणे. ज्या दिवशी रपेट नाही त्या दिवशी दाणा अर्ध्याच्या खाली, गवत आणि कडबा पोटभर. मीठ रोज पंचवीस-तीस ग्रॅम. मामांना हे पटायला वेळ लागला, त्यांच्या मते दाणा कमी म्हणजे माया कमी.

आणि सरदारचा दुसरा घोळ म्हणजे पुढच्या पायाची नळीमागची शीर, टेंडन (रक्ताची शीर नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी). ही सुजायची, दहा दिवसांनी उतरायची, परत सुजायची. यातलं गणित मला सगळ्यात उशिरा कळलं आणि माझ्या मते वारंवार लंगडणाऱ्या घोड्यांतले निम्मे तरी याच खड्ड्यात पडलेले असतात. घोड्याला व्यायाम सुरू केला की दम आधी येतो, तीन-चार आठवड्यांत फुफ्फुसं आणि हृदय तयार. स्नायूंना दोन-तीन महिने. पण टेंडन, लिगामेंट आणि हाडं यांना सहा महिने ते वर्ष. म्हणजे महिन्याभराने घोडा फुरफुरायला लागतो, लगाम खेचतो, आपल्याला वाटतं झाला फिट, सोडा मोकळा, आणि पाय अजून तयारच नसतात. पी हळद आणि हो गोरी असं शिरांच्या बाबतीत होत नाही. दुखावलेली शीर नीट भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि आम्ही दर दहा दिवसांनी सूज उतरली की खोगीर टाकत होतो. पेनकिलरने सूज आणि दुखणं गेलं, इजा तिथेच.

परत आणायची पद्धत आता अशी ठेवलीय. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून हिरवा कंदील दिल्यावर पहिले दोन आठवडे फक्त कदम, वीस मिनिटांपासून चाळीसपर्यंत, सपाट घट्ट जमिनीवर. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-दोन मिनिटांची दुडकी, मधे कदम. पाच-सहा आठवड्यांनंतर थोडं पळवणं. आणि हे रोज किंवा निदान आठवड्यातून पाच दिवस. मोजायला सोपं एक साधन आहे, नाडी. जबड्याखालच्या हाडावर बोट ठेवलं की लागते, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. रपेटीनंतर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या आसपास खाली आली पाहिजे. नाही आली तर आज जास्त झालं, उद्याचं कमी करा. पण लक्षात ठेवा, नाडी दम सांगते, पाय नाही सांगत. पायासाठी रोज सकाळी हात फिरवायचा, दोन्ही पायांवर, आणि तुलना करायची.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. सकाळी मागचे दोन्ही पाय खाली थोडे सुजलेले, थंड, दाबलं तर घोडा काही म्हणत नाही, आणि पंधरा मिनिटं चालल्यावर उतरतात. ही उभं राहण्याची सूज. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच, पाय हलले तरच पाणी वर चढतं. याला आराम हा उपाय नाही, याला चालवणं हा उपाय. पण एकच पाय, गरम, दाबल्यावर पाय ओढून घेतो, तर ती इजा, आणि तिथे थांबायचं. आम्ही दोन्हीला आरामच देत होतो.

आजीचं दुखणं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. एकवीस वर्षांची घोडी, सांधे झिजलेले, आठवडाभर उभी, रविवारी सकाळी थंडीत एकदम बाहेर काढून तिच्यावर तीन पोरं एकामागोमाग. सोमवारी ती बसलेली उठत नसे. आमचा पहिला विचार, आता हिला पूर्ण रिटायर करू. केलं. दोन महिन्यांत ती अजून ताठ झाली, मागच्या अंगावरचं मांस उतरलं. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर काय सांगतात, रोज चाला, तळजाई टेकडीवर जाऊन बघा, सत्तरीचे आजोबा पहाटे पाचला तिथे असतात आणि त्यांचे गुडघे आपल्यापेक्षा बरे. घोड्याचं पण तेच. आता आजीला रोज वीस मिनिटं मामा हातात धरून चालवतात, आठवड्यातून तीन दिवस त्यात एखादं हलकं पोरगं बसतं, आधी दहा मिनिटं मोकळं चालवून अंग गरम झाल्यावरच. दुडकी तिने स्वतःहून केली तर केली. अठराच्या पुढच्या घोड्याला अजून दोन गोष्टी बघा, दात दर सहा महिन्यांनी तपासून घासून घ्या कारण चावता आलं नाही तर कितीही खाऊ घाला, मांस उतरणारच. आणि उन्हाळ्यात पण अंगावरचे लांब केस गळत नसतील तर रक्त तपासा, त्या वयात एक ग्रंथीचा आजार असतो त्याचं ते लक्षण.

पंधरा ते अठरा मधल्या घोड्याचं काय? चालू ठेवा, फक्त कमी-जास्त एकदम करू नका. या वयात महिनाभर बंद ठेवला तर परत आणायला बराच वेळ जातो.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारणारच, की नोकरी सांभाळून आठवड्यातून पाच दिवस कोण जाणार? आम्ही पण हेच म्हणत होतो. उत्तर असं निघालं की पाच दिवस बसायची गरजच नाही, पाच दिवस हलायची गरज आहे. शेडच्या मागची पडीक जागा लाकडी बल्ल्यांनी घेरली (तारा नको, विशेषतः काटेरी तार, पाय कापतो), सकाळी चार तास तिघं त्यात मोकळे. मंगळवार-गुरुवारी तो कॉलेजचा पोरगा सरदार आणि बिजलीला आलटून पालटून नेतो. एक मित्र बुधवारी वर्क फ्रॉम होम घेतो आणि पहाटे जाऊन येतो. आणि रविवारची रपेट अडीच तासांवरून सव्वा तासावर आली. सुरुवातीला रविवार कमी केल्याचं सगळ्यांना वाईट वाटलं, घोड्यांना सोडून. सोमवार मात्र तिघांनाही सुट्टी, पण बांधून नाही, मोकळी.

वारीचे घोडे बघितलेत का कधी नीट? माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, मग पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेला लागतात आणि वाटेत रिंगणात धावतात. एकावर स्वार असतो, माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. आपण रिंगणातलं धावणं बघतो, व्हिडिओ त्याचाच काढतो, पण त्या धावण्यामागे कितीतरी दिवसांचं रोजचं चालणं असतं. पालखी पुण्यात मुक्कामाला आली होती तेव्हा मामांनी मला हे दाखवून दिलं, "दादा, ह्यो घोडा आधी चालतोय मग पळतोय, आपला नुसताच पळतोय."

पुण्याच्या हवेचं एक सांगायचं राहिलं. मला वाटायचं एप्रिल-मे वाईट आणि पावसाळा चांगला, गार हवा, हिरवळ, मस्त. घोडा घामावर थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. एक सोपी बेरीज आहे, तापमान फॅरनहाइटमध्ये अधिक हवेतली आर्द्रता टक्क्यांत. दीडशेच्या वर गेलं तर जपून, एकशेऐंशीच्या वर तर नकोच. एप्रिलच्या दुपारी 38 डिग्री सेल्सियस म्हणजे 100, आर्द्रता 20, बेरीज 120. आणि जुलैच्या सकाळी 27 डिग्री म्हणजे 81 च्या आत-बाहेर, आर्द्रता 85, बेरीज 166! म्हणून उन्हाळ्यात दुपारी घोडा काढा असं मी म्हणत नाही, तापलेला डांबरी रस्ता आणि डोक्यावरचं ऊन या बेरजेत येत नाही. पण पावसाळ्यात त्याच वेगाने तेवढंच पळवलं आणि घोडा लवकर धापा टाकायला लागला तर तो आळशी झालेला नाही. वर चिखल, चिखलात टेंडनवर ताण वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही फक्त कदम आणि घट्ट जागेवर दुडकी ठेवतो. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर कदम चालेल, जोरात दुडकी नको, आणि आता मुळशी रोडला डंपर इतके वाढलेत की तसंही नकोच.

हे सगळं सुरू करून आठ महिने झाले. कॅलेंडरवर सरदारची एक फुली आहे, ती नाल निघाल्याची. बिजली आता चारची झाली, कोपऱ्यातले दुधाचे दात अजून आहेत, पाठ दाबली तर वाकत नाही. तुमच्याकडे वयाप्रमाणे काम, वजन, दाणा हे सगळं बसवून सहा-आठ आठवडे झाले आणि तरी त्याच पायावर फुली येतेय, तर मग मात्र ते रूटीनचं दुखणं नाही, एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना सांगा खुरापासून वर एकेक भाग बधिर करून दुखणं नेमकं कुठे ते शोधा. आजीचा मागचा डावा पाय आम्ही आता त्याच रांगेत ठेवलाय, कारण चालून बाकीचं अंग मोकळं झालं पण तो एक पाय थंडीत अजून पहिली दहा पावलं ओढते. पुढच्या बुधवारी डॉक्टर मशीन घेऊन येतायत.